शिकागोची वेस

शिकागो शहराच्या दक्षिण भागात चुनखडीच्या दगडांची एक जुनी वेस उभी आहे. तिच्या मधल्या कमानीच्या माथ्यावर बैलाचे मुंडके कोरलेले आहे. वेशीच्या आत गाव असावयाचे. पण या वेशीच्या आत आज गोदामे आणि कारखाने आहेत. ज्या बाजाराची ही वेस, तो १८६५ साली नाताळच्या दिवशी उघडला आणि १९७१च्या जुलै महिन्यात कायमचा उठला. शंभराहून अधिक वर्षे अमेरिकेतील गुरांचा भाव येथे ठरत होता. बाजार उठला, परंतु त्याने निर्माण केलेला प्रश्न उठला नाही. गुरे पाळणारे लाखो आणि मांस खाणारे कोट्यवधी. या दोहोंमधल्या वेशीवर चारपाच धनिक बसले, तर गुरे पाळणाऱ्याने काय करावे, हा तो प्रश्न.

आपल्याकडील अनेकांच्या गोधनाविषयीच्या भावना आणि अमेरिकेतील व्यवहार यांत मोठे अंतर आहे. ते ध्यानात ठेवूनही हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. कारण ज्याचा माल थांबत नाही आणि ज्याचे गिऱ्हाईक मोजके आहे, अशा प्रत्येक उत्पादकाची अडचण या इतिहासात स्पष्ट दिसते.

प्रथम या धंद्याची रीत पाहू. कुरण, गोठे आणि घर मिळून जो गुरांचा मळा होतो, त्यास तिकडे रँच म्हणतात. रँचवाला गाई ठेवतो. वसंत ऋतूत वासरे होतात, उन्हाळाभर ती आईबरोबर चरतात आणि सहासात महिन्यांची झाली, की शरदात विकली जातात. पुढे मोठमोठ्या वाड्यांत मक्याचा खुराक घालून त्यांना पुष्ट केले जाते आणि शेवटी कत्तलखान्याची कंपनी ती विकत घेते. वर्षातून एकदा विक्री आणि एकदाच हातात रक्कम, असा लहान रँचवाल्याचा संसार असतो. २०२२ सालच्या शेतीगणनेत सुमारे ६ लाख २२ हजार शेतांवर मांसासाठी पाळलेल्या गाई आढळल्या. सरासरी काढली, तर प्रत्येकी सत्तेचाळीस. एवढ्या गाईंवर कुटुंब पोसले जात नाही. म्हणून पुष्कळ घरांतून नवरा किंवा बायको शाळेत, दवाखान्यात अथवा गावच्या कचेरीत नोकरी करते आणि गुरांचे काम पहाटे व सायंकाळी उरकले जाते.

या मालाचा एक स्वभाव नीट ओळखला पाहिजे. धान्य कोठारात साठवून भाव चढण्याची वाट पाहता येते. तयार झालेले जनावर साठवता येत नाही. ते रोज खुराक खाते. आठपंधरा दिवस थांबले, तर अंगावर नको तेवढी चरबी चढते आणि भाव उतरतो. दूरच्या बाजारात न्यावे, तर वाटेत वजन घटते. म्हणजे विकणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला ती तितकीशी नसते. या एका गोष्टीतून पुढचे सारे घडले आहे.

यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या माळावर लांबशिंगी गुरे बेसुमार होती आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला मागणी होती. १८६७ साली जोसेफ मकॉय या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यातील अॅबिलीन या आगगाडीच्या ठाण्यावर गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्सासचे कळप शेकडो मैल चालत तेथे येऊ लागले. तेथून वाघिणींत भरून ते शिकागोला जात. या नफ्याच्या वार्तेने लंडन आणि एडिंबरो येथील भांडवलही माळरानावर उतरले. सरकारी जमिनीवर फुकट चराई करून प्रचंड कळप पोसणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले, मोकळी कुरणे कुंपणांत जाऊ लागली आणि १८८६-८७च्या हिवाळ्यातील बर्फाने उघड्यावरची गुरे अगणित संख्येने मारली. मोठ्या कंपन्यांचा कणा तेथे मोडला.

त्याच काळात १८६२च्या वसाहत कायद्याखाली मिळालेल्या १६० एकरांवर लहान मनुष्य घर बांधीत होता. त्याला मोठ्यांनी सुखाने बसू दिले नाही. वायोमिंगमध्ये मोठ्या रँचवाल्यांची संघटना इतकी प्रबळ होती, की १८८४च्या कायद्याने डागणी नसलेल्या बेवारशी वासरांच्या विक्रीचा अधिकार तिच्याच हाती गेला. लहान रँचवाल्याकडील वासरू चोरीचे ठरविणे मग सोपे झाले. १८९२च्या एप्रिलमध्ये टेक्सासहून भाड्याने आणलेल्या बंदूकधाऱ्यांसह पन्नासएक माणसांची टोळी जॉन्सन परगण्यावर चालून गेली आणि नेट चॅम्पियन या लहान गुरेपालकाला तिने ठार केले. परगण्यातील लोक शस्त्रे घेऊन उठले, टोळीला त्यांनी वेढले. अखेर लष्कराने मध्ये पडून टोळीवाल्यांचे प्राण वाचविले. पुढे शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. तरी जमिनीचा झगडा कालांतराने लहानांनी जिंकला, असे म्हणावे लागेल. १९१६च्या कायद्याने तर चराईसाठी ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. जमीन मिळाली, बाजार मात्र तोपर्यंत दुसऱ्यांच्या हाती गेला होता.

तो कसा गेला, हे पाहण्यासाठी पुन्हा शिकागोकडे वळले पाहिजे. गस्टाव्हस स्विफ्ट हा मॅसॅच्युसेट्सचा खाटीक १८७५ साली शिकागोस आला. जिवंत जनावर पूर्वेकडे पाठविणे म्हणजे निरुपयोगी वजनाचे भाडे भरणे, हे त्याने हेरले. कारण जनावराच्या वजनाचा बराच मोठा भाग हाडे, कातडे आणि आतडी यांचा असतो. शिकागोतच जनावर मारून केवळ मांस धाडले, तर भाडे वाचेल. अँड्रू चेस या अभियंत्याकडून त्याने बर्फाने थंड राहणारी वाघीण तयार करवून घेतली. जिवंत गुरांच्या वाहतुकीवर पैसा मिळविणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी ती नाकारली, तेव्हा त्याने कॅनडातून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रेल्वेने माल पूर्वेस पोहोचविला. फिलिप आर्मर, नेल्सन मॉरिस आदी व्यापाऱ्यांनीही तोच मार्ग धरला. थोड्याच वर्षांत गावोगावचे मांसाचे गिऱ्हाईक शिकागोच्या चारपाच पेढ्यांकडे गेले.

या नव्या मांसाने लोकांना स्वस्ताई मिळाली, हे नाकारता येत नाही. परंतु गावचा खाटीक बुडाला आणि तो बुडाल्यामुळे गुरेपालकाचे जवळचे गिऱ्हाईक गेले. खाटकांनी १८८६ साली आपली राष्ट्रीय संघटना स्थापली. त्यांच्या आग्रहाने काही राज्यांनी असा नियम केला, की मारण्यापूर्वी जनावराची तपासणी त्याच राज्यात झाली पाहिजे. मिनेसोटा राज्याचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली रद्द ठरविला; राज्याराज्यांतील व्यापाराला तो अडथळा होतो, हे कारण. त्याच वर्षी सिनेटर जॉर्ज व्हेस्ट यांच्या समितीने मांसव्यापाराच्या चौकशीचा अहवाल दिला आणि मोठ्या पेढ्या संगनमताने गुरांचा भाव दाबतात, असा ठपका ठेवला. मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदाही १८९०चाच.

कायदा झाला, तरी व्यवहार बदलण्यास वेळ लागला. १९०३ साली आर्मर, स्विफ्ट आणि मॉरिस यांनी मिळून नॅशनल पॅकिंग ही एकत्र कंपनी काढली. १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्विफ्ट कंपनीविरुद्ध निकाल दिला. कुरणापासून शहरापर्यंत वाहणारा गुरांचा व्यापार हा एकच प्रवाह आहे आणि म्हणून तो मध्यवर्ती सरकारच्या कक्षेत येतो, असे तत्त्व न्यायमूर्ती होम्स यांनी त्यात घालून दिले. पुढच्या वर्षी अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. कत्तलखान्यांतील मजुरांच्या हालांविषयी देशाला जागे करावे, हा तिचा हेतू. देश जागा झाला तो आपल्या ताटातील मांसाच्या स्वच्छतेविषयी. १९०६च्या जूनअखेर मांसतपासणीचा कायदा झाला. खाणाऱ्याचे रक्षण झाले. मजूर आणि गुरेपालक होते तेथेच राहिले.

गुरेपालकाची दाद लागली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७ साली अध्यक्ष विल्सन यांनी फेडरल ट्रेड कमिशनला चौकशी सांगितली. स्विफ्ट, आर्मर, मॉरिस, विल्सन आणि कडाही या पाच कंपन्यांकडे आंतरराज्य व्यापारासाठी मारल्या जाणाऱ्या गुरांचा सुमारे चारपंचमांश हिस्सा असल्याचे कमिशनला आढळले. केवळ कत्तलखानेच नव्हेत, तर बाजाराचे आवार, थंड वाघिणी आणि शीतगृहे यांतही त्यांची मालकी होती. विकणारा ज्या आवारात गुरे उतरवी, ज्या काट्यावर ती तोली, ते आवार आणि तो काटाच घेणाऱ्याचा! १९२०च्या न्यायालयीन तडजोडीने त्यांनी बाजाराच्या आवारांतून अंग काढून घेण्याचे मान्य केले आणि १५ ऑगस्ट १९२१ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांनी पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्‌स कायद्यावर सही केली. अन्यायाची, फसवणुकीची अथवा पक्षपाताची वागणूक या कायद्याने बेकायदा ठरली. वजन, अडत आणि हिशेब यांवर देखरेख आली.

या कायद्याने बाजार खुला राहील अशी व्यवस्था केली आणि दीर्घकाळ ती उपयोगी पडली. मोटारट्रक आले, पक्के रस्ते झाले, गावोगावी लिलावाची ठाणी निघाली. लिलावात चार व्यापारी उघड बोली करीत आणि कोणत्या जनावरास काय भाव आला, हे साऱ्यांस ऐकू जाई. जुन्या पाच पेढ्यांचा वरचष्मा हळूहळू कमी झाला. परंतु कायद्याच्या रचनेत एक गोष्ट गृहीत होती : गुरे बाजारात येतील आणि भाव बाजारात ठरेल. ते गृहीतच पुढे ढासळले.

१९६० साली आयोवा राज्यातील डेनिसन येथे आयोवा बीफ पॅकर्स ही नवी कंपनी निघाली. शहरात कारखाना ठेवण्याऐवजी तिने तो गुरांच्या जवळ, मक्याच्या मुलखात नेला. कसबी खाटकाचे काम लहान लहान तुकड्यांत वाटून ते अकुशल, कमी वेतनाच्या मजुरांकडून करवून घेतले. १९६७ साली नेब्रास्कातील डकोटा सिटी येथे तिने मांसाचे ठरावीक तुकडे करून ते खोक्यांत भरण्यास प्रारंभ केला. खोक्यातील मांस दुकानदाराला सोयीचे पडले, वाहतूक स्वस्त झाली आणि जुन्या पेढ्यांचे शहरी कारखाने बंद पडू लागले. शिकागोचा बाजारही १९७१ साली उठला. १९६७च्याच नव्या तपासणी कायद्याने लहान कत्तलखान्यांचा खर्च वाढविला. त्यांतील पुष्कळांना तो झेपला नाही.

यानंतर एकत्रीकरणाची लाट आली. १९८६ साली कारगिल कंपनीच्या एका खरेदीविरुद्ध कोलोरॅडोच्या मॉन्फर्ट कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. केवळ अधिक तीव्र स्पर्धेमुळे होणारे नुकसान हे मक्तेदारीविरुद्ध दाद मागण्यास पुरेसे कारण नाही, असे न्यायालयाने ठरविले. हरलेली मॉन्फर्ट कंपनी दुसऱ्याच वर्षी कॉनअॅग्रा या मोठ्या कंपनीत विलीन झाली. १९८० साली पुष्ट केलेल्या गुरांच्या कत्तलीत पहिल्या चार कंपन्यांचा हिस्सा ३६ टक्के होता. १९९० साली तो ७२ टक्के झाला आणि पुढे ८५ टक्क्यांच्या आसपास गेला. आयोवाची कंपनी २००१ साली टायसनने घेतली. कॉनअॅग्राचा मांसाचा धंदा स्विफ्ट हे जुने नाव घेऊन वेगळा झाला होता, तो २००७ साली ब्राझीलच्या जेबीएस कंपनीने विकत घेतला. ही जेबीएस १९५३ साली एका लहानशा खाटिकखान्यापासून सुरू झालेली आहे. चौथ्या नॅशनल बीफचा बहुतांश हिस्साही २०१८ साली ब्राझीलच्याच मारफ्रिगकडे गेला.

या कंपन्यांनी भाव ठरविण्याची रीतही बदलली. आता बहुतेक गुरे लिलावात येत नाहीत; ती आगाऊ कराराने बांधलेली असतात. करारात भावाचा आकडा नसतो, सूत्र असते : मागील आठवड्यात रोखीच्या बाजारात जो भाव निघाला, त्यावर अमुक अधिक वा उणे. येथेच खरी मेख आहे. कंपनीची बरीचशी गरज कराराच्या गुरांनी भागली, की ती रोखीच्या बाजारात फारशी फिरकत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून रोखीचा भाव उतरतो. आणि तो उतरला, की त्यावर बांधलेली कराराची सारी गुरेही आपोआप स्वस्त होतात. टेक्सास व ओक्लाहोमा भागात काही वर्षी रोखीच्या व्यवहाराचे प्रमाण एकदशांशाच्याही खाली गेले. एवढ्या थोड्या विक्रीवरून उरलेल्या साऱ्या गुरांचा भाव ठरू लागला. कंपन्यांनी भाव सरकारला कळविलेच पाहिजेत, असा कायदा १९९९ साली झाला. त्यामुळे भाव दिसू लागला. तो ठरविण्यात गुरेपालकाला स्थान मात्र मिळाले नाही.

त्याविरुद्ध गुरेपालक न्यायालयात गेले. २००४ साली अलाबामातील पंचांनी टायसनविरुद्ध १२८ कोटी डॉलरांच्या भरपाईचा कौल दिला. न्यायाधीशांनी तो बाजूला सारला. अशा करारांना व्यापारी कारण आहे, असे म्हणून वरिष्ठ न्यायालयाने २००५ साली न्यायाधीशांचा निर्णय कायम केला. संसदेतील लढाईचीही तीच गत. मांसावर उत्पत्तीचा देश छापावा, ही लहान रँचवाल्यांची मागणी २००२च्या शेती कायद्यात मान्य झाली. पण कॅनडा आणि मेक्सिको यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार जिंकल्यावर २०१५ साली गोमांसापुरती ती तरतूद रद्द झाली. ज्यावर 'अमेरिकेचा माल' असे छापावयाचे, ते जनावर जन्मापासून कत्तलीपर्यंत अमेरिकेतीलच असले पाहिजे, असा नियम २०२४ साली झाला आणि तो २०२६च्या प्रारंभापासून लागू झाला. मात्र छापणे ऐच्छिक आहे.

वेस अरुंद असली म्हणजे काय होते, याचा अनुभव दोनदा लागोपाठ आला. ९ ऑगस्ट २०१९ रोजी कॅन्ससमधील हॉलकोम येथे टायसनच्या कारखान्यास आग लागली. एकच कारखाना, पण देशातील सुमारे सहा टक्के गुरे त्यात जात. काही दिवसांतच गुरांचा भाव पडला आणि मांसाचा घाऊक भाव चढला. २०२०च्या वसंतात साथीच्या रोगाने मजूर आजारी पडून कारखाने बंद झाले, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. वाड्यांत गुरे तुंबली आणि दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या. १९७०च्या सुमारास ग्राहकाने मांसासाठी दिलेल्या प्रत्येक डॉलरातील साठांहून अधिक सेंट गुरेपालकास मिळत. २०२०च्या सुमारास चाळीसही मिळेनासे झाले होते.

लहान गुरेपालक स्वस्थ बसला, असे मात्र नाही. काहींनी सहकाराचा मार्ग धरला. १९९६ साली स्थापन झालेल्या यू. एस. प्रीमियम बीफ या उत्पादकांच्या संस्थेने नॅशनल बीफमध्ये भाग घेतले, २००३ साली बहुमताची मालकी मिळविली. २०११ साली ती तिने विकली आणि अल्पांश राखला. काही जण घरोघरच्या गिऱ्हाइकांना थेट मांस विकतात. त्यात नफा बरा आहे. परंतु तपासणीची सोय असलेला लहान कत्तलखाना जवळपास नसेल, तर महिनोन्‌महिने पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून २०२२ साली सरकारने स्वतंत्र कारखान्यांसाठी शंभर कोटी डॉलरांच्या साहाय्याची योजना जाहीर केली. नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट येथे गुरेपालकांच्या भांडवलाने उभारलेला कारखाना २०२५ साली सुरू झाला. त्यात वॉलमार्टचीही भागी आहे. एका बलाढ्याच्या तावडीतून सुटण्यास दुसऱ्या बलाढ्याचा हात धरावा लागला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या कारखान्यात दर जनावरामागे खर्च कमी येतो, करारामुळे चांगल्या प्रतीचा माल नियमित मिळतो आणि त्याचा लाभ ग्राहकास पोहोचतो, असे त्या म्हणतात. पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांनाही ते मान्य आहे. शिवाय चक्र उलटही फिरते. दुष्काळ आणि वर्षानुवर्षांचा अपुरा भाव यांमुळे अनेकांनी गाई विकल्या आणि २०२५च्या प्रारंभी देशातील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली; १९५१नंतरची ही सर्वांत कमी. गुरे दुर्मिळ झाली आणि त्यांना कधी नव्हता तो भाव आला. आता कंपन्यांना तोटा होऊ लागला. २०२५च्या नोव्हेंबरात टायसनने नेब्रास्कातील लेक्झिंग्टनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. तेथे सुमारे ३,२०० माणसे कामाला होती. परंतु या चढ्या भावाने लहान गुरेपालकाचा प्रश्न सुटला, असे समजणे चूक ठरेल. ज्यांनी गाई विकल्या, ते भाव चढण्यापूर्वीच धंद्यातून गेले होते. आणि प्रत्येक कारखाना बंद होताना गुरे घेणारे एक ठिकाण कमी होते, ते पुन्हा कळप वाढतील तेव्हा जाणवणार आहे.

दीडशे वर्षांच्या या कथेतून एक गोष्ट निःसंशय दिसते. कायदा दर वेळी आला, पण मागून आला. वाघिणींच्या युगातील मक्तेदारीस आवर घालणारा कायदा झाला, तेव्हा ट्रकांचे युग उंबरठ्यावर होते. बाजाराच्या आवारावर देखरेख बसली आणि व्यापार आवार सोडून गेला. १९२१चा कायदा आजही अस्तित्वात आहे. अन्याय आणि पक्षपात हे त्यातील शब्द आजच्या करारांनाही लागू पडण्याइतके व्यापक आहेत. ते लागू करावे की नाही, यावर गेली वीसपंचवीस वर्षे कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून वाद चालू आहे. दर शरदात वासरे विकावयास निघालेला रँचवाला त्या वादाच्या निकालाची वाट पाहतो. त्याची वासरे मात्र वाट पाहू शकत नाहीत.